ज्यांनी आमच्या गाडीचा श्वास कोंडला, त्या मिस्तरींस

मिस्तरी,

पत्राची सुरुवात राम राम घालून करतात. ती मी शेवटासाठी राखून ठेवते. तुम्ही हे पत्र शेवटपर्यंत वाचलंत आणि मी सांगते ते केलंत, तर तो राम राम तुमचाच आहे.

तुमचं नाव इथे लिहिणार नाही. ओळख पटायला नावाची गरज नाही. मेहरूणहून आलेली पांढरी टेम्पो ट्रॅव्हलर, २००३ सालची, एमएच-१९. आरसी बुकावर कंपनीचं नाव अजून बजाज टेम्पो. फोर्स मोटर्स हे नाव दोन वर्षांनी आलं. आधी शाळेची गाडी होती. आम्ही ती तुमच्याकडे आणली, आतली बाकं काढली आणि तुम्ही मागे पलंग बांधून दिलात. पलंगाखाली ६० लिटरची पाण्याची टाकी, शेजारी शेगडीचा कप्पा, दाराशी आईला धरून चढता यावं म्हणून दांडी. ती दांडी तुम्ही फार मजबूत बसवलीत, हेही लिहून ठेवते. वेल्डिंग तुम्हाला येतं. म्हणूनच राग जास्त आहे. ज्याला काहीच येत नाही त्याच्यावर एवढं मोठं पत्र कोण लिहील?

गाडी कशासाठी बांधून घेतली ते तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. आईचे दोन्ही गुडघे गेलेले. एसटीत बसून तासाभराच्या वर प्रवास होत नाही. तिला गडावर जायचं होतं, सप्तशृंगीला. खानदेशातल्या घरांना गडाचं काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. चैत्रात धुळे-मालेगावच्या रस्त्यावर भर उन्हात पायी निघालेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. आई तरुणपणी दोनदा त्यांच्यातून चालत गेली आहे. आता गडावर ट्रॉली झाली आहे, पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. फक्त पायथ्यापर्यंत आडवं होऊन जाता आलं पाहिजे, एवढंच तिचं मागणं. तुम्ही ऐकून घेतलंत, मान हलवलीत, ‘मावशीले बिलकुल दणका नै बसणार’ असं म्हणालात. दणका बसला नाही. जे झालं ते वेगळंच.

चैत्रातल्या त्या सकाळी आम्ही घरी पाण्याची टाकी काठोकाठ भरली, कळण्याच्या भाकरी आणि ठेच्याचा डबा घेतला आणि हायवेवरच्या पंपावर गेलो. पंपावरच्या पोराने नोझल टाकीत घातलं, दांडा दाबला आणि लगेच ‘टक्’. नोझल कट. त्याने परत दाबलं. परत टक्. मीटरवर अर्धा लिटरसुद्धा झाला नव्हता. तिसऱ्या वेळी त्याने जरा जोर लावला, तर डिझेल फेसासकट उलटं आलं आणि त्याच्या शर्टावर, पँटवर, हातावर उडालं. आमच्या मागे चार ट्रक उभे. एकाने हॉर्न धरून ठेवलेला. ऊन ४४ अंशांच्या घरातलं. पोरगा म्हणाला, ‘ताई, गाडी डिझेल घेऊच नै राह्यली.’

मी त्याला काय बोलले असेन ते ऐका. म्हणाले, गाडी कशी घेणार नाही, तुला धरता येत नाही. म्हणाले, मशीनमध्ये काहीतरी गडबड आहे तुमच्या. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं आहे, आणि त्या दिवशी मी त्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला सगळ्यांसमोर खोटं ठरवलं. तो काही बोलला नाही. वाळूच्या बादलीतली मूठभर वाळू घेऊन त्याने खाली सांडलेलं डिझेल झाकलं आणि परत नोझल धरून उभा राहिला. वीस मिनिटांत चाळीस लिटर भरले त्याने, घोट घोट करत, दांडा अर्धा दाबून. त्याची चूक नव्हती. मशीनची नव्हती. चूक तुमची होती, मिस्तरी, आणि ती तुम्ही प्लायवूडखाली झाकून ठेवली होती.

नोझल का कट होतं, हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं. नसेल तर आता वाचा. नोझलच्या तोंडाशी एक बारीक भोक असतं. त्या भोकातून एक बारीक नळी आत मुठीपर्यंत जाते. आत डिझेल एका अरुंद जागेतून जोरात जातं आणि त्या वेगामुळे तिथे दाब उतरतो. इटलीच्या व्हेंटुरी नावाच्या माणसाने हे १७९७ मध्ये लिहून ठेवलं आहे. तो उतरलेला दाब त्या बारीक भोकातून हवा ओढत राहतो. हवा येत आहे तोवर सगळं ठीक. टाकी भरत आली, डिझेल वर चढलं आणि त्याने ते भोक झाकलं, की हवा येणं थांबतं. आत एक पातळ पडदा असतो तो ओढला जातो, खिट्टी सुटते, दांडा पडतो. टक्. यात वीज नाही, सेल नाही, फक्त हवा. म्हणजे नोझलला एवढंच कळतं: माझ्या तोंडाशी हवा आहे की डिझेल. टाकीत किती भरलं हे त्याला दिसत नाही. रिकाम्या टाकीच्या तोंडाशी फेस आला तरी त्याच्या लेखी टाकी भरली.

मग रिकाम्या टाकीच्या तोंडाशी फेस का यावा? टाकी कधीच रिकामी नसते. ती हवेने भरलेली असते. मिनिटाला ४० लिटर डिझेल आत गेलं तर मिनिटाला ४० लिटर हवा बाहेर यायला हवी, त्याच क्षणी, दुसऱ्या वाटेने. त्यासाठी टाकीच्या माथ्यावरून एक नळी निघून भरायच्या तोंडापाशी येते. आपल्याकडे कोणी तिला एअर पाइप म्हणतं, कोणी ब्रीदर. तिच्यातून डिझेल जात नाही, काही दिसत नाही, काही गळत नाही. ती वाट बंद झाली, की हवेला एकच रस्ता उरतो: जिथून डिझेल येतं तिथूनच वर. एकाच गळ्यात खाली जाणारं डिझेल आणि वर येणारी हवा यांची गाठ पडते, फेस होतो, नोझलचं भोक झाकलं जातं. आणि डिझेल पेट्रोलपेक्षा फेस जास्त धरतं, म्हणून आमच्यासारख्या गाड्यांना हे जास्त भोवतं.

मेहरूणच्या आमच्या गल्लीतला किराणा दुकानदार १५ किलोचा तेलाचा डबा फोडताना नेहमी दोन भोकं पाडतो. एक तेलाला, एक समोरच्या कोपऱ्यात हवेला. त्याच्या दुकानातल्या दहा वर्षांच्या पोराला हे कळतं. तुम्हाला कळलं नाही? आमची आई तापीकाठची. ती सांगते, कळशी उभी दाबली तर पाणी घेत नाही, बुडबुड करत अंगावर उडवते. तिरकी धरली की गपकन भरते, कारण काठाच्या वरच्या बाजूने हवेला जायला जागा मिळते. सात-आठ वर्षांच्या मुली नदीवर जे शिकून घरी येत, ते तुमच्या वर्कशॉपमध्ये कोणालाच आठवलं नाही.

त्या पहिल्या दिवसापासून तुमची चूक सापडेपर्यंत चार महिने गेले. या चार महिन्यांत आम्ही कोणाकोणाला दोष दिला, ते तुम्ही ऐकलं पाहिजे, कारण ते सगळे तुमच्या वाटचे होते.

आधी पंप बदलला. दुसऱ्या पंपावर तेच. तिसऱ्यावर तेच. पारोळ्याच्या पुढे एका पंपावर धाकट्या भावाने भांडण काढलं आणि पाच लिटरचं माप मागितलं. वैधमापनचा शिक्का असलेलं ते माप प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं आणि गिऱ्हाईक ते कधीही मागू शकतं. त्याच नोझलने त्यांनी मापात पाच लिटर डिझेल सोडलं. एका दमात. एकदाही टक् झालं नाही, माप बरोबर काठावर आलं. खरं म्हणजे प्रश्न तिथेच सुटला होता. जे नोझल उघड्या भांड्यात सरळ वाहतं आणि आमच्या टाकीत अडतं, त्यात खोट कशी असेल? मग भावाने तेच माप नरसाळ्याने आमच्या टाकीत ओतलं. नरसाळ्यात डिझेल तुंबलं. टाकीने एक ढेकर दिली, थोडं घेतलं, परत ढेकर. ज्यांच्या गाडीला ही तक्रार आहे त्यांनी बाकी काही करण्याआधी हे करून बघावं. पाच मिनिटांत पंप सुटतो आणि गाडी सापडते.

मग गाडीत शोध सुरू झाला. एका गराजवाल्याने झाकण बदलायला लावलं. झाकण तर डिझेल भरताना हातातच असतं, त्याचा काय संबंध, हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही, पैसे दिले. दुसऱ्याने तोंडातली जाळी काढून धुतली. जाळी खरंच मळलेली होती, पण फरक पडला नाही. तिसऱ्याने भरायच्या जाड रबरी पाइपवर संशय घेतला. तो संशय रास्त होता. जुन्या पाइपचा आतला थर फुगून सुटतो, बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो आणि आत चिंधी लोंबत असते. पाइप काढला, उजेडाकडे धरून आरपार बघितला. स्वच्छ. परत बसवला. चौथा म्हणाला, कुंभारमाशीने नळीत चिखलाचं घर केलं असेल. खानदेशात हेही होतं. गाडी महिनाभर उभी राहिली तर उघडं भोक दिसताच ती माशी माती आणून भरते. भावाने नळीच्या तोंडात तार घातली. माती नव्हती. पण तार दीड-दोन हातांवर जाऊन थांबत होती. तिथे कोपरा असेल, असं आम्ही समजलो. तो कोपरा नव्हता, मिस्तरी. ते तुमचं प्लायवूड होतं.

या काळात आम्ही गाडीच्या खोडी शिकून घेतल्या. नोझल पूर्ण आत न घालता चार बोटं बाहेर ठेवायचं. ते आडवं फिरवून धरायचं, म्हणजे भोक जरा वर येतं आणि फेस लगेच लागत नाही. भरायच्या तोंडाची बाजू उंचावर येईल अशी गाडी उभी करायची. दांडा पाव दाबायचा. ट्रकचं मोठं नोझल असलेल्या मशीनवर चुकूनही जायचं नाही. या युक्त्या अडीअडचणीला उपयोगी आहेत, मी नाकारत नाही. पण त्या आजार झाकतात. आणि प्रत्येक खेपेला पंपावर वीस-पंचवीस मिनिटं, मागे गाड्यांची रांग, आत पलंगावर आई, पंखा बंद, पत्रा तापलेला. तिने एकदाही कुरकुर केली नाही. एकदा फक्त म्हणाली, ‘मी आले नसते तर तुमचा एवढा खोळंबा झाला नसता.’ हे वाक्य तुमच्या खात्यावर मांडून ठेवा.

आणखी एक गोष्ट बिघडली, ती फार जणांच्या लक्षात येत नाही. कट झालं म्हणजे टाकी भरली, ही पंपावरची साधी भाषा. आमच्या गाडीच्या बाबतीत त्या भाषेला अर्थच उरला नाही. टाकी रिकामी असतानाही टक्, भरलेली असतानाही टक्. खरी भरली कधी हे कळणार कसं? एकदा मे महिन्यात मालेगावच्या अलीकडे अशीच गळ्यापर्यंत भरली गेली. जमिनीखालच्या टाकीतलं डिझेल त्यामानाने गार असतं, बाहेर आलं की तापून फुगतं. ६० लिटर डिझेल १५ अंशांनी तापलं की पाऊण लिटरच्या आसपास वाढतं. ते पाऊण लिटर जाणार कुठे? ढाब्यावर गाडी उभी केली तर झाकणाच्या कडेने थेंब थेंब गळून मागच्या चाकावर ओघळ आलेला. शेजारच्या टेबलावर एक माणूस बिडी पेटवत होता. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही, हे खरं. पण आपल्याकडच्या मानकात साध्या डिझेलच्या वाफेने पेट घेण्याची किमान मर्यादा ३५ अंश एवढीच ठेवली आहे. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात सावलीतही त्याच्या कितीतरी वर पारा असतो. थंड मुलखातल्या माणसाने सांडलेल्या डिझेलकडे दुर्लक्ष केलं तर समजू शकते. खानदेशातल्या मिस्तरीने करावं?

चूक शेवटी आईने शोधली.

जुलै महिना, पाऊस लागलेला, गाडी घरासमोर उभी. आम्ही मुक्ताईनगरला निघायची तयारी करत होतो, कोथळीला मुक्ताईच्या दर्शनाला. भाऊ नळी लावून पाण्याची टाकी भरायला गेला, तर आई ओसरीवरून म्हणाली, ‘आधी डिझेल भरून ये. पाणी भरलं की ती डिझेल घेत नाही.’ आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. ती म्हणाली, जाताना ती नेहमी अडते. येताना कमी अडते. येताना पाणी संपलेलं असतं.

चार महिने आम्ही तारीख, पंप, लिटर, सगळं वहीत लिहीत होतो. पाणी कोणी लिहिलं नव्हतं. तिने पलंगावर पडून, टाकीतल्या पाण्याचा आवाज ऐकत, ते ध्यानात ठेवलं होतं. ती असंही म्हणाली, की टाकी भरलेली असली की डोक्याशी डिझेलचा वास येतो. आम्ही तो वास रस्त्याचा समजत होतो. तिचं डोकं दुखायचं ते ऊन लागल्याने, असंही समजत होतो.

भाऊ लगेच पलंगाच्या फळ्या उचलायला लागला. तुमचे स्क्रू जाम झालेले, दोन तर ग्राइंडरने कापावे लागले. पाण्याची टाकी काढली. तिच्याखालचं प्लायवूड मधोमध खचलेलं. प्लायवूड उचललं, आणि त्याच्याखाली, गाडीच्या फरशीवर, एअर पाइप पडलेला होता. पोळीसारखा चपटा. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो वजन. एक मोठं माणूस चार महिने त्या नळीवर बसून होतं. पाणी संपलं की प्लायवूड थोडं वर यायचं, नळी बोटभर उघडायची, गाडी थोडंफार डिझेल घ्यायची. पाणी भरलं की गळा आवळलेला. वाकवलेल्या जागी रबराला चीर गेलेली, आणि त्या चिरेतून डिझेलची वाफ सरळ आईच्या उशाशी येत होती.

कंपनीने ती नळी बाहेरून नेली होती, खालून, चाकाच्या कमानीमागून, वर भरायच्या तोंडापर्यंत. तुम्हाला तिथे कप्प्याचा अँगल बसवायचा होता. नळी आड आली. तुमच्यापुढे दोन वाटा होत्या: अँगल चार बोटं सरकवायचा, किंवा नळी नीट वळवून दुसरीकडून वर न्यायची. तुम्ही तिसरी शोधलीत. फरशीला भोक पाडलंत, नळी आत ओढलीत, जमिनीवर लोळवलीत, परत दुसऱ्या भोकातून बाहेर काढलीत आणि वर लाकूड ठोकून मोकळे झालात. भोकांच्या कडा घासून गुळगुळीतसुद्धा केल्या नाहीत. पत्र्याच्या धारेने रबर कापलं गेलं आहे. इंधनाची नळी माणसं झोपतात त्या खोलीतून नेऊ नये, हे सांगायला कोणतं पुस्तक लागतं?

मला वाटतं, तुम्ही ती नळी हातात घेतलीत, तिच्यातून काही ठिबकत नाही हे पाहिलंत आणि ठरवलंत की ही फालतू आहे. फालतू वाटली असती तरी विचारता आलं असतं. आम्ही त्या दिवशी तुमच्या अंगणातच होतो, आई खुर्चीवर बसलेली. तुम्ही आवाज दिला असता, ‘ही नळी कशाची हो?’, तर आम्हाला उत्तर आलं नसतं, पण तिघांनी मिळून शोधलं असतं. अज्ञानाचा मला राग नाही, मिस्तरी. माझी सगळी हयात अज्ञान दूर करण्यात गेली, त्यात लाज वाटण्यासारखं काही नसतं. झाकून टाकण्याचा राग आहे. न कळलेली गोष्ट तुम्ही अशा जागी ठेवलीत की पुढच्या माणसाला ती दिसूच नये.

दुरुस्तीला किती लागलं ते ऐका. तेलाला टिकणारी रबरी नळी, सव्वा मीटर. दोन क्लिपा. फरशीच्या भोकांवर पत्र्याची ठिगळं आणि सीलंट. जुन्या मार्गाने, चाकाच्या कमानीमागून, पण एक गोष्ट नीट पाळून: टाकीच्या माथ्यापासून तोंडापर्यंत नळी सगळीकडे चढती राहिली पाहिजे, मध्ये कुठेही झोळ नको. पहिल्या प्रयत्नात भावाकडून एक झोळ राहिला होता, हातभर. नळी मोकळी असूनही नोझल कट व्हायचं, कमी, पण व्हायचं. त्या झोळात डिझेल साचून बसत होतं आणि हवेच्या वाटेवर बूच लागत होतं, मोरीच्या पाइपच्या वाकात पाणी थांबतं तसं. झोळ काढला. मग सायकलच्या पंपाने नळीतून हळूच दोन दट्टे मारले आणि मी टाकीच्या तोंडाशी कान लावला. आत हवा उतरल्याचा आवाज आला. तोंडाने फुंकायचं नाही, हे इतरांसाठी लिहिते. भावाने आधी एकदा तसं केलं आणि दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही.

एवढंच. दुपारचं काम. खर्च तुमच्या पलंगाच्या बिलातल्या किरकोळ सामानाच्या ओळीत बसला असता.

दुसरी एक बारीक नळी असते, टाकीला बाहेरची हवा आत घेता यावी म्हणून. ती तुम्ही हात न लावता सोडलीत. ती बंद झाली असती तर डिझेल भरलं गेलं असतं, पण तासाभराने चालत्या गाडीत इंजीन उपाशी पडून घाटात बंद झालं असतं, आणि झाकण उघडताना फुस्स करून हवा आत गेली असती. ज्यांची गाडी भरताना अडते त्यांनी मोठी नळी बघावी, ज्यांची चालताना मरते त्यांनी बारीक. आमची बारीक नळी शाबूत राहिली ती तुमच्या अँगलच्या वाटेत आली नाही म्हणून.

आम्ही परत त्या हायवेवरच्या पंपावर गेलो, त्याच पहिल्या. पाण्याची टाकी मुद्दाम काठोकाठ भरून नेली. तोच मुलगा होता. गाडी ओळखली त्याने, चेहऱ्यावर दिसलं. नोझल घातलं, दांडा अडकवला आणि एक पाऊल मागे सरून उभा राहिला, अंगावर उडेल म्हणून. दहा लिटर, वीस, तीस. सलग धार. मीटरचे आकडे पळत होते आणि तो माझ्याकडे बघत होता. त्रेपन्न लिटरला टक् झालं, एकदाच. मी खाली उतरून त्याला सांगितलं की त्या दिवशी तुझी काही चूक नव्हती, मी चुकीचं बोलले. तो म्हणाला, ‘जाऊ द्या ताई, रोज होते.’ आता सांगा, त्याच्या या ‘रोज होते’चं मी काय करू? दिवसाकाठी कितीतरी गाड्या त्याच्यासमोर अशा अडत असतील, आणि कितीतरी माणसं माझ्यासारखं बोलून जात असतील. त्या गाड्यांखाली कोणाकोणाचे अँगल आहेत, कोणाची प्लायवूडं आहेत?

आम्ही गडावर जाऊन आलो. आई ट्रॉलीने वर गेली, दर्शन झालं. येताना तिने पलंगावर झोप काढली, धुळ्यापासून घरापर्यंत. वास नव्हता.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं, ते. आमची गाडी तुमच्याकडे होती त्या आठवड्यात तुमच्या अंगणात आणखी दोन गाड्या उभ्या होत्या. एक पानटपरीसारखी फिरती गाडी होणार होती. दुसरी आमच्यासारखीच ट्रॅव्हलर, तिच्यात तुम्ही स्ट्रेचरचं बैठं आणि सिलिंडरचा सांगाडा बसवत होतात. आईने विचारलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, ही अ‍ॅम्ब्युलन्स होणार, तालुक्याला जाणार. त्या गाडीचा एअर पाइप तुम्ही कुठून नेला? तिच्याही फरशीवर तसंच प्लायवूड ठोकलंत का? रात्री दोन वाजता, आत पेशंट, पंपावर एकच माणूस जागा, आणि नोझल टक् टक् करत अर्धा अर्धा लिटर सोडतंय, हे चित्र जुलैपासून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

ती गाडी कोणाला दिली ते तुमच्या वहीत असेल. आज फोन करा. बोलावून घ्या, नाहीतर पाना घेऊन तुम्ही जा. बैठं उचला, नळी हाताने चाचपा, टाकीपासून तोंडापर्यंत, एकही जागा न सोडता. आमची चपटी नळी मी टाकलेली नाही, खिळ्याला टांगून ठेवली आहे. कसली चूक शोधायची हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मेहरूणला या, तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याने, पांढरी ट्रॅव्हलर दारातच असते. नळी घेऊन जा. आई चहा करायला सांगेल. तिच्या मनात तुमच्याविषयी काही नाही, ती अजून त्या दांडीचंच कौतुक करते.

ती गाडी बघून झाली की मला कळवा. तोवर थांबवून ठेवलेला राम राम तेव्हा घालीन.

मेहरूण, जळगाव